जुन्या संगणकाला ४ टीबीची डिस्क लावताना

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून ४ टीबीची डिस्क आणली, २०१० च्या आसपासच्या संगणकाला जोडली आणि विंडोज ७ ने त्यातले २०४८ जीबीच घेतले. उरलेले १६७८ जीबी काळ्या पट्टीखाली ‘अनअ‍ॅलोकेटेड’ (न वाटलेली जागा) म्हणून पडून. डिस्क चांगली आहे, दुकानदाराशी वाद घालायला परत जाऊ नका. अडचण डिस्कवरच्या जागेची वाटणी नोंदवायच्या एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे. तिच्यात सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा, क्रमांक ३२ बिटांत लिहितात आणि एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून मोजणी २ टीबीपाशीच संपते. पुढची जागा वापरायला जीपीटी ही नवी पद्धत हवी.

पण जुन्या बायोसवर (संगणक चालू होताच आधी चालणाऱ्या प्रणालीवर) विंडोज जीपीटी डिस्कवरून सुरू होत नाही. तसे सुरू व्हायला यूईएफआय (बायोसची नवी जागा घेणारी प्रणाली) आणि ६४ बिट विंडोज लागते. म्हणून विंडोज आहे त्या छोट्या डिस्कवरच राहू द्या आणि मोठी डिस्क निव्वळ साठ्याला ठेवा. ३२ बिट एक्सपी असेल तर हा नाद सोडा, ती जीपीटी वाचतच नाही.

संगणक बंद करून नवी डिस्क जोडा. विंडोजची डिस्क आणि ही नवी डिस्क सोडून बाकी सगळ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. पुढचा ‘क्लीन’ आदेश काहीही न विचारता निवडलेल्या डिस्कवरची पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) पुसतो, आणि चुकून दुसरी डिस्क निवडली की लोकमान्यनगरच्या गणेशोत्सवाचे दहा वर्षांचे व्हिडिओ गेलेच म्हणून समजा.

कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘डिस्कपार्ट’ चालवा. ‘लिस्ट डिस्क’ दिल्यावर आकार बघा: ४ टीबीची डिस्क तिथे ३७२६ जीबी दिसते. तिचा क्रमांक १ असेल तर क्रम असा (अर्थात इंग्रजी अक्षरांत नि आकड्यांत): सिलेक्ट डिस्क १, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी, क्रिएट पार्टिशन प्रायमरी साइज=१०४८५७६, फॉरमॅट एफएस=एनटीएफएस क्विक, असाइन. साइजचा आकडा एमबीत असतो. हा १ टीबीचा झाला. दुसऱ्या पार्टिशनला साइज देऊ नका, म्हणजे उरलेली सगळी जागा त्यात जाते. फॉरमॅट आणि असाइन त्यालाही करा.

दोन पार्टिशन पुष्कळ झाली. पाच-सहा पाडली की प्रत्येकात थोडीथोडी जागा अडकते, आणि ‘दुसऱ्या ड्राइव्हवर बॅकअप’ म्हणून तिथे ठेवलेली प्रत डिस्क बिघडली की मूळ फाइलबरोबरच जाते.

‘क्विक’ मुद्दाम लिहिले आहे. पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्ये लिहितो आणि ४ टीबीला सहज सात-आठ तास घेतो. मे-जूनच्या वादळात वीज जायची, तेव्हा तो करायचाच असेल तर यूपीएसवर करा.

आणखी एक फसगत यूएसबी केसची, म्हणजे डिस्क आत घालून यूएसबीने जोडायच्या डबीची. काही केस मोठी डिस्क ४०९६ बाइटच्या सेक्टरची असल्याचे विंडोजला दाखवतात. त्यात पाडलेली पार्टिशन डिस्क बाहेर काढून थेट संगणकातल्या साटा केबलला लावली की दिसत नाहीत आणि विंडोज नव्याने इनिशियलाइज करायला सांगते. तिथे ‘ओके’ दाबू नका. डिस्क पुन्हा त्याच केसमध्ये घाला आणि माल उतरवून घ्या. म्हणून डिस्क शेवटी जिथे राहणार, तिथेच जोडून पार्टिशन पाडा.