पॉवर सप्लायचा पंखा घरघरतोय?

गेम सुरू केला की कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधून घरघर येते, पण आवाज नेमका कुणाचा हे आधी ठरवा. कागदाची सुरळी करून एक टोक कानाला लावा, दुसरं मागच्या जाळीजवळ न्या. बऱ्याचदा दोषी ग्राफिक्स कार्डाचाच पंखा निघतो. बारीक, किणकिणता 'चीं' आवाज असेल आणि गेमच्या मेनूत तो वाढत असेल, तर ती कॉइलची, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याची कुरकुर. पंखा बदलून ती जाणार नाही. एफपीएसला (गेम सेकंदाला किती चित्रं दाखवतो त्याला) मर्यादा घाला, बराच फरक पडतो.

पॉवर सप्लायच असेल तर बटण बंद करा, प्लग काढा आणि तळाची जाळी बाहेर काढून धुळीचा थर बघा. जाळी धुऊन पूर्ण वाळवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं लाकडी काडीने अडवून धरा, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंगची वाट लागते. कॅबिनेट सतरंजीवर असेल तर फळीवर ठेवा. खालून हवाच मिळत नसते.

एवढं करूनही खरखर राहिली, त्यातही थंड मशीन सुरू करताना जास्त, तर बेअरिंग गेलं समजा. तेल सोडायला पॉवर सप्लायची पेटी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब उरू शकतो, शिवाय वॉरंटी जाते ती वेगळीच. चांगल्या पॉवर सप्लायला ५ ते १० वर्षांची वॉरंटी असते. बिल शोधा.