मेकअपचा सराव कसा वाढवावा : बेळगाव सीमाभागातील नवोदितांसाठी मार्गदर्शन

मेकअपचा वर्ग संपला, प्रमाणपत्र हाती आले, ब्रशांचा संचही घेऊन झाला, तरी पहिली नवरी समोर बसेपर्यंत अनुभव कोठून मिळवायचा, हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील बहुतेक नवोदितांना पडतो. वर्गात बहुधा एकमेकींच्याच, म्हणजे विशीतल्या नितळ चेहऱ्यांवर हात बसलेला असतो. प्रत्यक्षात मात्र मुरुमांचे डाग, उन्हाने रापलेली त्वचा, चष्म्याचे वण आणि डोक्यावर आलेला मुहूर्त या सगळ्यांशी एकदम गाठ पडते. म्हणून सराव किती तास केला यापेक्षा तो किती निरनिराळ्या चेहऱ्यांवर आणि किती घाईत केला, हे पाहावे.

सुरुवात घरातून करावी, पण स्वतःच्या चेहऱ्यापासून नव्हे. आरशात पाहून स्वतःचे आयलायनर सफाईने काढणाऱ्या हाताला दुसऱ्याच्या पापणीवर तीच रेघ काढताना मनगटाचा कोन पार बदलावा लागतो. आई, काकू, आजी, शेजारच्या वहिनी अशा वेगवेगळ्या वयांच्या बायकांना बसवावे. फाउंडेशनची छटा हनुवटीच्या कडेला लावून खिडकीजवळच्या उजेडात पाहावी आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण अनेक फाउंडेशने त्वचेच्या तेलाशी व हवेशी संबंध आल्यावर थोडी गडद होतात. सुरकुत्यांवर पावडर जास्त झाली की ती रेघांत साचते, हे आजीच्या चेहऱ्यावर जितके लवकर कळते तितके कोणत्याही वर्गात कळत नाही. प्रत्येक चेहऱ्याची वहीत नोंद ठेवावी : त्वचा कशी होती, काय लावले आणि चार तासांनी काय उरले. मेकअप संपताक्षणीचे छायाचित्र सगळेच काढतात. शिकवते ते चार तासांनंतरचे.

परक्या व्यक्तीला हात लावण्यापूर्वी स्वच्छतेची सवय पक्की असावी. ब्रश प्रत्येक चेहऱ्यानंतर साफ करावेत आणि 70 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने निर्जंतुक करावेत. लिपस्टिक व क्रीम स्पॅच्युलाने स्टीलच्या पॅलेटवर काढून मगच वापरावे, मस्कारासाठी वापरून टाकून देण्याच्या कांड्या ठेवाव्यात आणि नवे उत्पादन किमान एक दिवस आधी कानामागे लावून पाहावे.

यानंतरची पायरी रंगमंचाची, आणि माझ्या मते आपल्या भागात तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. डिसेंबर-जानेवारीत शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने असतात, हौशी नाट्यसंस्थांच्या एकांकिका असतात, आणि वैशाखात बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते. तिच्यातील सजीव देखाव्यांसाठी प्रत्येक मंडळाला शिवराय, जिजाऊ, मावळे उभे करायचे असतात. मंडळाच्या कार्यकर्त्यांना महिनाभर आधी भेटून विचारावे; रंगवणारे हात त्यांनाही हवेच असतात. येथे तासाभरात आठ-दहा चेहरे उरकावे लागतात, स्पिरिट गमने दाढी-मिशा चिकटवाव्या लागतात, आणि रात्रभर चालणाऱ्या मिरवणुकीत दिव्यांच्या उष्णतेने व घामाने काय सुटते, हे रथामागून चालताना डोळ्यांनी दिसते. गम ओढून काढू नये. त्याच्या रिमूव्हरने सैल करूनच काढावा, एरवी त्वचा सोलवटते. लहान मुलांच्या चेहऱ्यावर बाजारातले स्वस्त, नाव नसलेले रंग कधीही लावू नयेत.

तुळशीविवाहानंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा एखाद्या अनुभवी ब्युटिशियनच्या हाताखाली उभे राहावे. फोनवर संदेश पाठवण्यापेक्षा दुपारच्या रिकाम्या वेळी पार्लरमध्ये जाऊन विचारलेले बरे. सुरुवातीला ब्रश धुणे, साडीच्या निऱ्या धरणे, पिना देणे एवढेच वाट्याला येईल; ते कमीपणाचे मानू नये, पण प्रवासखर्च आणि जेवण ठरवून घ्यावे. मंगल कार्यालयातील त्या लहानशा खोलीत पाहण्यासारखे पुष्कळ असते. हळदीचेच पाहा. लग्नाआधी करून पाहिलेल्या चाचणी-मेकअपच्या दिवशी अचूक जुळलेली छटा लग्नाच्या सकाळी बिघडते, कारण चेहऱ्यावर, कानांवर आणि गळ्यावर हळदीचा पिवळेपणा उतरलेला असतो. हा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून साबणाने घासण्याऐवजी कापसावर खोबरेल किंवा क्लिन्झिंग ऑइल घेऊन तो हलक्या हाताने काढावा, तेलाचा अंश राहू न देता चेहरा धुवावा आणि मगच प्रायमरला, म्हणजे फाउंडेशनआधी लावायच्या थराला, हात घालावा. मुंडावळ्यांच्या दोऱ्याने कानशिलावरचा थर पुसला जातो, दाबाच्या नथीने नाकपुडीवरचा. होमाच्या धुराने डोळ्यांतून पाणी येते, म्हणून मस्कारा व काजळ पाण्याने न ओघळणारेच हवे. या जागा मुहूर्तानंतर पुन्हा कशा सावरल्या जातात, ते विशेष लक्ष देऊन पाहावे.

चातुर्मासात लग्ने बहुतांशी थांबतात. तो काळ शिकण्यासाठी वापरावा. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये, म्हणजे आरसेटीमध्ये, ब्युटी पार्लरचे विनामूल्य वर्ग होतात. जिल्ह्यातील पुढच्या तुकडीची चौकशी करून ठेवावी. नव्याने शिकणाऱ्या छायाचित्रकाराशी बोलणी करून, त्याचे छायाचित्रण आणि आपला मेकअप असा व्यवहार केल्यास दोघांचाही पोर्टफोलिओ, म्हणजे दाखवण्याजोग्या कामाचा संग्रह, तयार होतो. त्यातच टिटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन किंवा सिलिकाची पावडर फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक दाखवते, हेही कळते. छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी. खेड्यातील मुलींच्या बाबतीत तर घरच्यांनाही कल्पना असलेली बरी. एका फोटोवरून गावात कायमचे काम तुटू शकते.

नवरीचे काम एकटीने घेण्याआधी करवल्या, नवरीची आई, मावश्या यांचे काम घ्यावे. तेथे वेळेची घाई तीच असते, पण चूक झाली तरी ती सावरता येते. आपल्याकडे एकाच मांडवात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे पाहुणे असतात. ‘कण्णु मुच्च्री’ (डोळे मिटा), ‘मेले नोड्री’ (वर पाहा) एवढे कन्नडमधून सहज म्हणता आले तरी समोरची बाई निर्धास्त होते, आणि डोळे घट्ट मिटून न घेणाऱ्या पापणीवर लायनर सरळ उतरते.

फुकट काम किती दिवस करावे, याचा निर्णय वहीवरून घ्यावा. ठरल्या वेळेत पूर्ण झालेली आणि चार तास टिकलेली कामे सलग दिसू लागली की निदान साहित्याचा खर्च मागायला सुरुवात करावी, नात्यातल्यांकडूनही. नवरीचे पहिले काम घेताना चाचणी, लग्नाच्या दिवसाची वेळ, प्रवास आणि आगाऊ रक्कम हे सर्व लिहून द्यावे, आणि ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांच्या ग्राहकांना परस्पर कमी दर सांगू नये.