जर्मन संभाषणात वस्तू ओळखणे आणि त्यांचे वर्णन करणे

समोरच्या वस्तूकडे बोट दाखवून ‘वास इस्ट दास?’, म्हणजे ‘हे काय आहे?’, असे विचारावे. उत्तराची सुरुवात वस्तूचे लिंग कोणतेही असले तरी ‘दास इस्ट’ अशीच होते. नाम मात्र ‘डेर’, ‘डी’ किंवा ‘दास’ या उपपदासह पाठ करावे, कारण मराठीप्रमाणे जर्मनमध्येही तीन लिंगे असली तरी ती जुळतीलच असे नाही. जेवणाच्या टेबलावरच पाहा: चमचा (डेर ल्योफल) पुल्लिंगी, काटा (डी गाबल) स्त्रीलिंगी आणि सुरी (दास मेसर) चक्क नपुंसकलिंगी! निर्जीव वस्तूला ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणण्याची सवय आपल्याला असतेच, त्यामुळे चमच्याला ‘एर’ (तो) म्हणणे जड जात नाही.

वर्णन करताना प्रारंभी विशेषण वाक्याच्या शेवटी ठेवावे, कारण मराठीत ‘मोठा, मोठी, मोठे’ असा बदल तेथेही होतो, पण जर्मनमध्ये ‘डेर टिश इस्ट ग्रोस’ (टेबल मोठे आहे) या रचनेत ‘ग्रोस’ कोणत्याही लिंगासाठी तसेच राहते. नामाआधी आले की मात्र ‘आइन ग्रोसर टिश’ (एक मोठे टेबल), ‘आइने ग्रोसे लाम्पे’ (एक मोठा दिवा), ‘आइन ग्रोसेस फेन्स्टर’ (एक मोठी खिडकी) अशी रूपे होतात. ती नंतर शिकावीत. नकारासाठी ‘आइन’च्या जागी ‘काइन’ म्हणावे.