प्रेअरीवरचा (उत्तर अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवरचा) पांढऱ्या शेपटीचा ससा कसा ओळखायचा आणि कसा बघायचा

कॅनडातल्या कॅल्गरी, एडमंटन, सास्काटूनला राहणाऱ्यांना हा बघायला लांब जायची गरजच नाही, लॉनवर, शाळेच्या ग्राउंडवर, पार्किंगच्या कडेला बसलेला असतो, आणि तरी बहुतेक जण "ससा दिसला" म्हणून पुढे जातात. थांबून नीट बघा हो त्याला. १४ सप्टेंबर १८०४ ला अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेल्या लुइस आणि क्लार्कच्या तुकडीतल्या जॉन शील्ड्सने आजच्या साउथ डकोटात एक मारला, त्यांनी तो तोलला, सव्वासहा पौंड भरला, म्हणजे साधारण २.८ किलो, आणि नोंद करून ठेवली. याचंच आजचं नाव व्हाइट-टेल्ड जॅकरॅबिट.

ओळखताना कानांवर जाऊ नका. कानाची काळी टोकं याच्या काळ्या शेपटीच्या भावालाही (ब्लॅक-टेल्ड जॅकरॅबिटलाही) असतात, त्यामुळे बघायची ती शेपूट, ही वरूनही पांढरी असते, फारतर मधे फिकट राखाडी रेघ, आणि त्या दुसऱ्याच्या शेपटीवर ठळक काळा पट्टा. कॉटनटेल नावाचा ससा याच्यापुढे अगदीच छोटा. स्नोशू हेअर जंगलात राहणारा, कान आखूड आणि मागचे पाय भलतेच मोठे. उन्हाळ्यात आपल्या या सशाचा रंग राखाडी-तपकिरी, उत्तरेकडे हिवाळ्यात पांढराशुभ्र होतो पण कानाची टोकं काळीच राहतात, आणि हे सगळं लुइसने १८०६ च्या हिवाळ्यात फोर्ट क्लॅटसॉपला, म्हणजे पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या त्यांच्या हिवाळी मुक्कामाला बसून लिहून ठेवलंय, मला तर याचं फार कौतुक वाटतं.

बघायची वेळ म्हणजे संध्याकाळ किंवा पहाट. दिवसा तो बिळात जात नाही, उघड्यावरच उथळ खळगा करून कान पाठीवर चपटे टाकून बसतो, लांबून मातीचं ढेकूळच वाटतो. दिसला की सरळ त्याच्याकडे चालत जायचं नाही, बाजूने जायचं, मधे मधे थांबायचं, शक्यतो गाडीतूनच बघायचं. कान ताठ झाले की तिथेच थांबा, पुढचं पाऊल टाकलंत की पळाला, आणि हा ताशी ५० किमीच्या वर पळतो.

वसंतात-उन्हाळ्यात गवतात एकटं पिल्लू दिसलं तर प्लीज उचलू नका!! यांची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात, आई मुद्दाम लांब राहते म्हणजे शिकारी प्राण्यांचं लक्ष जात नाही, अंधार पडल्यावर येऊन पाजून जाते. कुत्रा असेल तर पट्टा लावा. रक्त दिसत असेल किंवा मांजराने धरलेलं असेल तरच जवळच्या वन्यजीव मदत केंद्राला फोन करा, घरी नेऊन दूध पाजत बसू नका.

बर्फ पडला की ठसे शोधा. पुढच्या पायांचे दोन छोटे ठसे मागे पडतात, आणि मागच्या पायांचे लांबट दोन त्यांच्या पुढे, म्हणजे ज्या दिशेला लांबट ठसे त्या दिशेला ससा गेला. चार ठशांच्या एका घोळक्यापासून पुढच्या घोळक्यापर्यंत टेप लावा, ती एक उडी. लुइसने १८०४ च्या त्याच सप्टेंबरात एकाला दचकवून त्याच्या उड्या मोजल्या होत्या, २१ फूट भरल्या, आणि जमीन थोडी उतरती होती हेही त्याने लिहिलंय, तेव्हा मोजताना उतार आहे का ते तुम्हीही लिहून ठेवा.