कॉस्मिक रे पकडायचा अँटेना करताय? आधी गच्चीवरची ट्यूबलाइट बंद करा

कॉस्मिक रे म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण. ते हवेवर आदळले की आणखी कणांचा पाऊस पडतो, तो 'शॉवर', आणि त्याचा छोटासा रेडिओ पल्स अँटेनात पकडायचा. ऐरोलीतल्या एका कॉलेजच्या गच्चीवर आमचा अँटेना उभा राहिला तेव्हा वाटलं, झालं काम. ३० ते ८० मेगाहर्ट्झ, दोन आडवे डायपोल (साधे दोन दांड्यांचे अँटेना), एलएनए (स्वतःचा नॉइज कमी असलेला अ‍ॅम्प्लिफायर), खाली डिजिटायझर (सिग्नलचे आकडे करणारा), एवढं तुम्हाला माहितीच असेल. ८८ पासून एफएमवाले बसलेत, सो फिल्टर एलएनएच्या आधी लावा, पुढे.

माती खाल्ली ती वेगळीकडेच. पहिल्याच रात्री पल्स दिसायला लागले, दहावीस नॅनोसेकंदांचे, अगदी शॉवरचे असतात तसे, आणि झुंडीने, एका सेकंदात वीसतीस. तिथेच डोक्यात बत्ती पेटायला हवी होती, पण आम्ही लॅबभर पेढे वाटले, अर्धं पोस्टर केलं, तीन आठवडे त्याच डेटावर घालवले. सरांनी बघून 'व्हेरी गुड' म्हटलं. लॅब असिस्टंट काका मात्र म्हणाले, "दोन पल्समधला वेळ काढलास का रे?" काढला. १० मिलिसेकंद, २०, १०, ३०. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे व्होल्टेज सेकंदाला १०० वेळा शिखराला जातं, आणि कुठे ठिणगी उडत असेल तर ती त्याच तालावर उडणार. लिफ्टच्या खोलीतल्या ट्यूबचा होल्डर ढिला होता, बस एवढंच! आकाशातून येणाऱ्या कणाला महावितरणचा ताल कुठून कळणार?

तर प्रत्येक पल्सच्या टाइमस्टॅम्पला (नोंदलेल्या वेळेला) १० मिलिसेकंदांनी भागा आणि भागाकारात जी बाकी उरते तिचा हिस्टोग्राम काढा. खांब दिसला की वायरमनला बोलवा. पण डेटा एका वेळी सेकंदभराचाच घ्या, ग्रिडची फ्रिक्वेन्सी थोडी सरकते, रात्रभराचा एकदम घेतलात तर खांब पसरून सपाट दिसतो नि तुम्ही परत फसता (आम्ही परत फसलो).

आणि कुठूनतरी उचललेल्या रेडिओ-ट्रिगर कोडवर (नुसत्या अँटेनाच्या सिग्नलवरून शॉवर ठरवणाऱ्या) विसंबू नका, प्लीज. शेजारी तीन सिंटिलेटर (कण आरपार गेला की चमकणारे डिटेक्टर) ठेवा, समुद्रसपाटीला चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक म्युऑन (कॉस्मिक रेमुळे हवेत तयार होऊन जमिनीपर्यंत पोहोचणारा कण) मिळतो, त्यामुळे ते लगेच बोलतात. तिन्ही एकदम वाजले तरच रेडिओचा डेटा सेव्ह करा. मग महिनोन्‌महिने काहीच दिसणार नाही. घाबरू नका, तुम्ही ढ नाही, रेडिओत दिसण्याइतके मोठे शॉवर मुळातच कमी.

अँटेना जिवंत आहे का एवढं तरी कळतं. शेवटची लोकल गेल्यावर नॉइज लेव्हल बघत बसा. मेच्या सुरुवातीला पहाटे साडेतीनच्या सुमाराला आम्हाला एक फुगवटा दिसायचा, तो रोज चार मिनिटं आधी येत येत महिनाअखेर दोनवर आला. आकाशगंगेचा मधला भाग, ज्याचा रेडिओ नॉइज अँटेनाला ऐकू येतो, तेव्हा दक्षिणेच्या आकाशात सगळ्यात वर येत होता. त्या रात्री पेढे नव्हते, काकांनी कटिंग पाजला.