करडांना धनुर्वातापासून कसं वाचवाल?

खच्ची केलेला बोकड आठ-दहा दिवसांनी पाय ताठ ठेवून चालू लागला, कान उभेच राहिले, चारा तोंडात तसाच अडकला आणि नुसता पत्रा वाजला तरी अंग लाकडासारखं ताणलं, तर धनुर्वाताची शंका घ्या आणि लगेच पशुवैद्यांना बोलवा. मात्र यातली बरीच जनावरं उपचार करूनही हाती लागत नाहीत. म्हणून काळजी आधीच घ्यायची.

धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू (जंतूचं चिवट, सुप्त रूप) माती-शेणात वर्षानुवर्षं टिकतात. हवा न पोचणाऱ्या जखमेत ते रुजतात आणि विष सोडतात. ते विष नसांवाटे मज्जारज्जूत पोचतं आणि स्नायू सैल करणारा निरोपच अडवतं.

"एकदा होऊन गेला, आता होत नाही," असं बरेच जण म्हणतात. या रोगात ते खोटं आहे. विष इतकं जहाल की जीव घेणारी मात्रासुद्धा प्रतिकारशक्तीला जागं करायला पुरत नाही. म्हणून वाचलेल्या जनावरालाही लस द्यायचीच. लशीत फॉर्मालिनने निकामी केलेलं तेच विष असतं, त्यामुळे शरीर त्याला निवांत ओळखतं.

१. सुरुवात गाभण शेळीपासून करा. पूर्वी लस दिलेली नसेल तर सुमारे चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्या. दुसरा डोस विण्याच्या महिनाभर आधी पडावा. पुढे दर वर्षी एक.

२. करडू जन्मलं की तास-दोन तासांत पोटभर चीक पाजा. शेळीच्या वारेतून प्रतिद्रव्यं (रोगाशी लढणारे रक्तातले घटक) पिल्लाला मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. दिवसभरानंतर आतडी ती शोषत नाहीत. "चीक पचत नाही" म्हणून पिळून टाकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका.

३. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा.

४. खच्चीकरणाचा दिवस लशीनुसार ठरवा. करडाच्या स्वतःच्या लशीच्या दुसऱ्या डोसनंतर दोन आठवडे जाऊ द्या. रबरी कडी टाळा, कारण तिच्याखाली मेलेलं मांस हवेविना राहतं आणि जंतूला हवी ती जागा आयती मिळते. त्याऐवजी बर्डिझो चिमटा (बाहेरून नस दाबून चेपणारा) वापरा, त्याने कातडी फुटत नाही.

५. जखमेवर शेण, माती, राख लावू नका. वाहत्या पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा.

लस नसलेल्या जनावराला खोल जखम झालीच, तर पशुवैद्य अँटीटॉक्सिन (विष निकामी करणारी तयार प्रतिद्रव्यं) देतात. बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी १८९० मध्ये लस दिलेल्या सशांच्या रक्ताने उंदीर वाचवून दाखवलेली हीच वाट. पण ही उसनी प्रतिकारशक्ती दोन-तीन आठवडेच टिकते आणि नसांत शिरलेलं विष तिला काढता येत नाही. म्हणून त्यासोबत लसही सुरू करून घ्या.

आजारी जनावर डॉक्टर येईपर्यंत अंधाऱ्या, शांत खोलीत मऊ गवतावर ठेवा. जबडा मिटलेला असताना तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.