लेकीकडे इंग्लंडला जाताय? मग दोन-तीन दिवस खेड्यांसाठी काढून ठेवा

आमच्या बडोद्यात दांडिया बाजार, बाबाजीपुरा भागातल्या बऱ्याच घरांतली आई-बाबा मंडळी उन्हाळ्यात मुलांकडे इंग्लंडला जातात आणि परत आल्यावर सगळ्यांचे फोटो तेच, बिग बेन, राजवाडा, लंडन आय. पहिल्या खेपेला मीही तेच बघितलं. दुसऱ्या खेपेला लेक लंडनजवळच्या रेडिंग शहरात होती आणि आम्ही दोघं ट्रेन-बसने खेड्यापाड्यांत फिरलो, तेव्हापासून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते की बाई, खरं इंग्लंड तिकडे आहे, ते बघितल्याशिवाय येऊ नका.

सगळ्यात आधी रेल्वेचं कार्ड काढा. साठीच्या पुढे असाल तर सीनियर रेलकार्ड, नाहीतर दोघांचं मिळून टू टुगेदर, भाड्यात एक-तृतीयांश सूट मिळते आणि आपल्यासारख्या पाहुण्यांनाही ते काढता येतं. फक्त टू टुगेदर सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही, म्हणून निवांत नाश्ता करून निघा. खेड्यातल्या बसचं मात्र नीट बघा. २०२५ पासून बऱ्याच लोकल बस एका वेळचे ३ पौंडांपेक्षा जास्त घेत नाहीत, पण रविवारी बस फार कमी असतात, काही गावांना तर नसतातच. आम्ही एकदा रविवारी परतीची वेळ न बघता गेलो आणि स्टॉपवर पावसात दीड तास उभे राहिलो. म्हणून जातानाच परतीच्या बसच्या टाइमटेबलचा फोटो काढून ठेवायचा, शेवटची आणि शेवटून दुसरी, दोन्ही.

स्टोनहेंज, म्हणजे हजारो वर्षं जुनं उभ्या दगडांचं वर्तुळ, सगळ्यांनाच बघायचं असतं, बघा, पण तिकीट ऑनलाइन आधीच काढा, वेळ ठरवून मिळतं. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून सॉल्सबरी साधारण दीड तास आणि तिथून टूरवाली बस. सॉल्सबरीचं कॅथेड्रल सोडू नका, १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या अधिकारांना लगाम घालणाऱ्या सनदेच्या, उरलेल्या चार मूळ प्रतींपैकी एक तिथे आहे. पण स्टोनहेंजला साध्या तिकिटावर दगडांपर्यंत जाता येत नाही, लांबून गोल फिरायचं.

म्हणून माझं ऐकाल तर एव्हबरीला जाच. स्विंडन स्टेशनवरून बस आहे. हे जगातलं सगळ्यात मोठं दगडांचं वर्तुळ, चार हजारांहून जास्त वर्षं जुनं, आणि त्याच्या पोटातच गाव वसलंय, घरं, पब, मधून जाणारा रस्ता. तिकीट नाही, दोरी नाही. मी एका दगडावर तळहात ठेवला, सावलीच्या बाजूला गार आणि खरबरीत, उन्हाच्या बाजूला कोमट, आणि पायाशी मेंढ्या चरत होत्या. तिथून शेतांतून चालत सिल्बरी हिल दिसते, ती माणसांनी मातीचा ढीग रचून केलेली टेकडी आहे, वर चढायला बंदी आहे, आणि पुढे वेस्ट केनेटची दगडी समाधी, तिच्या आत वाकून जाता येतं, मोबाइलचा टॉर्च लागतो.

आता शेतांतून कसं चालायचं ते सांगते, कारण आपल्याला पहिल्यांदा भीतीच वाटते की कुणाच्या शेतात घुसतोय. तिथे पब्लिक फुटपाथ म्हणून पायवाटा असतात, जमीन खासगी असली तरी चालण्याचा हक्क कायद्याने सगळ्यांना. वाटेवरच्या खुणांत पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा बाण म्हणजे घोडा-सायकलपण. हा हक्क लोकांनी भांडून जपलाय. १९३२ मध्ये खासगी म्हणून लोकांना बंद असलेल्या किंडर स्काउट डोंगरावर शेकडो कामगार पोरं मुद्दाम चढली, त्यातली काही तुरुंगात गेली, आणि १९५१ मध्ये त्याच भागात पीक डिस्ट्रिक्ट हे देशातलं पहिलं नॅशनल पार्क झालं. म्हणून पाळायचं काय, तर फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं, वाट सोडून पिकात जायचं नाही आणि वासरंवाल्या गाईंपासून लांबून जायचं. वाटेत नेटल नावाचं झुडूप असतं, खाजकुइलीसारखं झोंबतं, तेव्हा फुलपँटच घाला.

बूट चिखलाला चालतील असे आणि जाकीट पाणी न शिरणारं, छत्री तिथल्या वाऱ्यात उलटते. पबचं किचन दुपारी बंद होतं, म्हणून डब्यात थेपले आणि थर्मासमध्ये चहा असू द्या. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो, डिसेंबरात मात्र चारलाच अंधार, आणि जुने वाडे हिवाळ्यात बरेच बंद असतात, तेव्हा मे ते सप्टेंबर बरं.

आणि रेडिंगच्या आसपास असाल तर स्टोक रो गाव बघाच, तिथे काशीच्या महाराजांनी खोदून दिलेली विहीर आहे! गाव उंचावर, खाली खडूचा दगड, पाणी ठरतच नाही. तिथल्या पाण्याच्या हालांची गोष्ट एका इंग्रज अधिकाऱ्याकडून कळली म्हणून त्यांनी पैसे दिले, आणि १८६४ मध्ये हाताने खोदलेली ३६८ फूट खोल विहीर तयार झाली. वर घुमट, आत रहाटावर सोनेरी हत्ती. बाजूला चेरीची बाग लावली होती, तिच्या विक्रीतून विहिरीचा खर्च निघावा म्हणून. त्या हत्तीसमोर उभं राहून माझे डोळे भरून आले, आणि यांनी कठड्यावर वाकून खाली बघितलं तर तळ काही दिसला नाही.